वडाप आणि खाडा

परिपत्रकाचा विषय होता, ‘एकल वाहनचालन परावृत्ती व सहप्रवास प्रोत्साहन समितीची स्थापना’. विषय वाचतानाच माणूस दमून घरी बसावा आणि त्याने गाडी काढूच नये, असा बहुधा त्यामागचा हेतू असावा. खाली आठ नावं होती आणि त्यात पाचवं माझं. पुण्यात आता विद्यापीठं इतकी झाली आहेत की आमचं त्यातलं कुठलं हे सांगितलं नाही तरी बिघडत नाही. शिवाय मला तिथे अजून सहा वर्षं नोकरी करायची आहे.

पहिल्या बैठकीला आम्ही आठ सदस्य नऊ गाड्यांतून आलो. आठ जणांच्या आठ, आणि नववी अध्यक्षांचा डबा घेऊन आली. बैठक साडेअकराची होती, ती बारा वाजून पाच मिनिटांनी सुरू झाली, कारण मधला वेळ आम्ही सगळे प्रशासकीय इमारतीला प्रदक्षिणा घालत होतो. तिसऱ्या फेरीला स्टॅटिस्टिक्सच्या मॅडम आणि मी आपापल्या काचेतून एकमेकांकडे बघून हसलो. पाचव्या फेरीला नजर चुकवली. तेवढ्यात कोपऱ्यातली एक लाल गाडी मागे सरकली आणि आम्ही दोघं दोन दिशांनी तिच्यावर तुटून पडलो. प्रोफेसरच्या जागेसाठीसुद्धा आमच्याकडे इतकी उघड चुरस होत नाही. जागा मॅडमना मिळाली. मी गाडी कॅन्टीनमागे, खरकट्याच्या पिंपाशेजारी लावली आणि ‘गाड्या कमी कशा कराव्यात’ या विषयावर विचार करायला वर गेलो. इतिवृत्तात नोंद झाली, ‘वेळेअभावी फक्त चहापान झाले.’

हे दुखणं आमच्या एकट्याचं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क कर यांनी १९६३ सालीच लिहून ठेवलंय की विद्यापीठ म्हणजे आपापली दुकानं चालवणाऱ्या प्राध्यापकांचा जमाव, आणि त्यांना एकत्र बांधणारा धागा कुठला, तर पार्किंगची तक्रार. त्यांच्याच बर्कलेमध्ये नोबेल मिळालेल्या प्राध्यापकाला आवारात राखीव पार्किंग देतात. कवी चेस्वाव मिवोश यांना १९८० साली नोबेल मिळालं तेव्हापासून ही प्रथा पडली म्हणतात. जगातला सर्वोच्च सन्मान मिळाल्यावर विद्यापीठ आणखी काय देणार? गाडी लावायला जागा! आमच्याकडे मात्र राखीव पार्किंगला नोबेल पुरत नाही, व्यवस्थापन परिषदेवर असावं लागतं.

आता थोडं गणित. एक गाडी उभी करायला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. माझी केबिन तीन बाय तीनची आहे आणि तिच्यात आम्ही दोघं बसतो. म्हणजे विद्यापीठाच्या लेखी माझी गाडी माझ्या पावणेतीन पट मोलाची आहे. शिवाय ती गुलमोहराखाली असते आणि माझ्या केबिनला खिडकी नाही. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातल्या डोनाल्ड शूप नावाच्या प्राध्यापकांनी सगळी हयात या विषयात घातली आणि फुकटचं पार्किंग किती महाग पडतं यावर २००५ साली सातशेवर पानांचा ग्रंथ लिहिला. मोटार तिच्या आयुष्यातला पंचाण्णव टक्के वेळ नुसती उभी असते, हे त्यांचं आवडतं सांगणं. ते वाचून मला आमच्या विभागातले एक-दोन सहकारी आठवले, पण तो विषय वेगळा. शूप यांचा खरा मुद्दा असा, की फुकट पार्किंगचे पैसे कुणीतरी भरतच असतं, आणि त्यात जो बिचारा चालत येतो तोही असतो.

‘पुणं एके काळी सायकलींचं शहर होतं’ हे वाक्य पुण्यात मोटारीत बसून, काचा वर करून म्हणायची पद्धत आहे. सायकलीवरचं शहर स्कूटरवर आलं. चेतकसाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले, आणि मुलगी बघायला जाण्याआधी नंबर लागला तर शुभशकुन मानला. मग मोटारी आल्या. २०१८ साली बातमी आली की शहरातली नोंदलेली वाहनं ३६ लाखांवर गेली आणि माणसं ३५ लाखांच्या आसपासच राहिली. म्हणजे पाळण्यातली मुलं धरूनही माणशी एक वाहन वाटलं, तरी वर लाखभर उरतात. ही उरलेली बहुधा आमच्याच प्रशासकीय इमारतीपुढे लावलेली असतात. उपाय झाले नाहीत असं नाही. २०१२ च्या १ नोव्हेंबरला ‘बस डे’ झाला. त्या दिवशी पुणेकर हौसेने बसमध्ये चढले आणि २ नोव्हेंबरला त्याचं कौतुक करत आपापल्या गाडीने कामावर गेले. २०१७ च्या डिसेंबरात भाड्याच्या सायकली आल्या. तरुण मंडळींनी त्यांच्याबरोबर फोटो काढले, आणि दोन-तीन वर्षांत सायकली गेल्या, फोटो राहिले.

दुसऱ्या बैठकीत पर्यावरणशास्त्राच्या सरांनी सादरीकरण केलं. सर एक वर्ष सिॲटलला होते. त्याला आता एकोणीस वर्षं झाली, तरी त्यांचं घड्याळ इथल्या वेळेवर आलेलं नाही. ‘तिकडे’ या शब्दाने त्यांचं वाक्य सुरू झालं की आम्ही बिस्किटाची बशी जवळ ओढतो. तर तिकडे वॉशिंग्टन विद्यापीठाने १९९१ साली ‘यू-पास’ काढला. एकच पास, त्यावर बसने हवं तेवढं फिरा. पण त्याच सुमाराला पार्किंगचे दरही चांगले वाढवले. एका हातात गूळ, दुसऱ्या हातात छडी. स्टॅनफर्डने तर त्यापुढची मजल गाठली. मी एकटा गाडी घेऊन येत नाही, असं कबूल करणाऱ्याला विद्यापीठच उलट रोख पैसे देई.

इथे लेखाधिकारी जागे झाले. “न आणलेल्या गाडीचं व्हाउचर कसं करायचं? कुठल्या हेडखाली टाकायचं? सोबत पुरावा काय जोडणार, रिकाम्या जागेचा फोटो?”

“आपल्याकडे रिकामी जागा आहे कुठे?” मॅडम म्हणाल्या. लाल गाडीचा विजय त्या अजून विसरल्या नव्हत्या.

चहाचा ट्रे घेऊन उभे असलेले आमचे मामा खाकरले. (शिक्षणसंस्थांत शिपायाला मामाच म्हणतात. तेवढं एक नातं आम्ही अजून टिकवलंय.) “साहेब, मी एकवीस वर्षं गाडी आणली न्हाई. मला फरक मिळंल का?”

वेतन आयोगाचा फरक मिळावा म्हणून मोर्चे काढलेली माणसं समोर बसली होती. त्यांतल्या एकालाही उत्तर सुचलं नाही.

सरांनी घाईघाईने पुढची स्लाइड लावली. तिकडे बॉस्टनजवळच्या एमआयटीने २०१६ साली वर्षाचा पार्किंग पास बंद करून रोजच्या रोज पैसे घ्यायला सुरुवात केली. गाडी आणली त्या दिवसाचे द्या, नाही आणली तर नका देऊ. शिवाय कर्मचाऱ्यांना स्थानिक बस आणि भुयारी रेल्वे फुकट. यामागचं मानसशास्त्र समजावायला सरांनी दोन आलेख दाखवले, पण कुणाच्या डोक्यात काही शिरेना. शेवटी लेखाधिकारीच ओरडले, “अहो, म्हणजे खाडा!”

लेखाधिकारी नोकरीला लागल्यावर नऊ वर्षं सदाशिव पेठेतल्या मेसमध्ये जेवले होते. ज्यांनी मेस लावली नाही त्यांच्यासाठी सांगतो. महिन्याचे पैसे एकदम भरले की माणूस भूक नसली तरी जेवतो, ताप असला तरी जेवतो, लग्नाचं जेवण जेवून आला तरी दोन पोळ्या खातोच, कारण पैसे तर गेलेच आहेत. पण मेसच्या काकूंनी खाडा धरायचं कबूल केलं, म्हणजे न जेवलेल्या वेळेचे पैसे कापून दिले, की हाच माणूस वरणभाताकडे बघून विचार करायला लागतो. वर्षाचं पार्किंग स्टिकर म्हणजे खाडा न धरणारी मेस. एकदा चिकटवलं की काच फुटेपर्यंत गाडी आणायची. एका शब्दात सगळी बैठक शहाणी झाली. सरांचे दोन्ही आलेख वाया गेले, आणि त्या दिवसापासून समितीच्या कागदांवर ‘पार्किंगचा खाडा’ ही अधिकृत संज्ञा आहे.

सहप्रवासाची स्लाइड आली तेव्हा मामा दुसरा चहा घेऊन आले होते. पडद्यावर एक मोटार, तिच्यात चार हसरी माणसं. मामांनी ती निरखून पाहिली आणि मला हळूच म्हणाले, “सर, ह्ये तर आपलं वडापच की. पण मानसं लई कमी बसवल्यात.”

मी कराडचा, मामा कोरेगावचे. वडाप म्हणजे काय हे आम्हाला पडद्यावर बघायची गरज नाही. पुण्याच्या वाचकांना सांगतो. जीप असते. तिचं पासिंग नऊ जणांचं असतं आणि तिच्यात सोळा माणसं, दोन कोंबड्या आणि एक पत्र्याची ट्रंक असते. ड्रायव्हर अर्धा आत आणि अर्धा महाराष्ट्र शासनाच्या हद्दीत लटकत असतो. ‘सरका की जरा, पाहुणं’ हा त्या वाहनाचा गिअर. मागच्या दारात उभा राहून पोरगा ‘कराड, कराड, कराड’ असं ओरडतो, तो कराडातच उभा राहून परगावच्या गाडीसाठी तसं ओरडला तरी कुणी चुकत नाही. आणि वडापचा पहिला नियम म्हणजे भरल्याशिवाय गाडी हलत नाही. आमच्या लहानपणी एखादा माणूस अख्ख्या जीपमध्ये एकटा बसून जाताना दिसला, तर बायका काळजीने विचारायच्या, “कोण हाय रं आजारी?” आणि आज सेनापती बापट रस्त्यावर सकाळी नऊ वाजता उभं राहा. पाच शिटांची गाडी, आत एक माणूस. मागे पुन्हा पाच शिटा, एक माणूस. कोरेगावची कुणी म्हातारी हे बघेल तर म्हणेल, सगळं पुणंच आजारी पडलंय.

समितीने गुरुवार हा वाहनमुक्त दिवस ठरवला. पुण्यात गुरुवारी नाहीतरी वीज किंवा पाणी नसतं. त्यात गाडीही नसली तर वेगळं जाणवणार नाही, हा हिशेब. सदस्यांनी आधी स्वतः प्रयोग करायचे, असं ठरलं.

पहिल्या गुरुवारी मी सायकल काढली. रस्त्यात तीन ओळखीचे भेटले. एकाने विचारलं, “गाडी बिघडली का?” दुसऱ्याने विचारलं, “डॉक्टरांनी सांगितलंय का?” तिसऱ्याने काहीच विचारलं नाही, नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला. विद्यापीठाच्या फाटकावर तर कहर झाला. जो रखवालदार बारा वर्षं माझ्या गाडीला सलाम ठोकत होता, त्याने सायकल अडवली. ओळखपत्र बघितलं, फोटो बघितला, परत मला बघितलं आणि म्हणाला, “कुणाला भेटायचंय?” तेव्हा कळलं, बारा वर्षं तो सलाम मला नव्हता.

दुसऱ्या गुरुवारी बस. बसमध्ये चढताक्षणी एका मुलाने ‘काका, बसा’ म्हणून जागा दिली. आता मला जागाही हवी होती आणि ‘काका’ही नको होतं. शेवटी जागा घेतली. पुढच्या सीटवर दोन मुली होत्या. त्यांना मी दिसत नव्हतो. एक म्हणाली, “दहाच्या लेक्चरला बसायचं का?” दुसरी म्हणाली, “बसू या ना. त्यांचं लेक्चर म्हणजे बसची खिडकीची सीट असते गं. वारा लागतो आणि मस्त झोप येते.” दहाचं लेक्चर माझं होतं. विद्यार्थ्यांचा अभिप्राय घ्यायला आमच्याकडे दरवर्षी बावीस प्रश्नांचा फॉर्म भरून घेतात. तो छापायचा खर्च वाचवून प्राध्यापकांना बसचा पास दिला, तर काम स्वस्तात आणि जास्त खरं होईल, अशी सूचना मी लेखी दिली आहे.

तिसऱ्या गुरुवारी सुरू झालं ते आमचं वडाप. विठ्ठलवाडीहून मी, हिंगण्याहून लेखाधिकारी, राजाराम पूल ओलांडून कर्वेनगरला मॅडम आणि पुढे कोथरूडला तत्त्वज्ञानाचे सर. गाडी रोज पाळीपाळीने प्रत्येकाची. मॅडमनी पेट्रोलच्या वाटणीचं एक्सेल केलं. त्यात अंतर, एसी आणि वजन असे तीन रकाने होते. तिसरा आम्ही एकमताने काढायला लावला. वेळ ठरली सव्वानऊ. पहिल्याच आठवड्यात कळलं की काळाची व्याख्या ही तत्त्वज्ञानातली अजून न सुटलेली बाब आहे. सरांचा ‘निघालो’ असा निरोप आला की समजायचं, दाढी चालू आहे. ‘निघालोच’ म्हणजे आंघोळीला चाललेत. ‘तुम्ही कुठवर आलात?’ म्हणजे नुकते उठलेत. ‘खाली उभा आहे’ याचा अर्थ मात्र लावता आला नाही, कारण तसा निरोप कधी आलाच नाही.

परतीचा प्रवास आणखी रंगायचा. ‘वाटेतच आहे’ या शब्दांना मी आता भितो. मेथीची जुडी वाटेतच होती. शिंप्याकडचे ब्लाउज वाटेतच होते. लेखाधिकाऱ्यांच्या आईंच्या गोळ्या वाटेतच, म्हणजे वाटेपासून दीड किलोमीटर आत होत्या. पण खोटं कशाला बोलू, मजाही आली. अकरा वर्षं शेजारच्या इमारतीत असलेल्या मॅडम फार सुंदर शीळ घालतात, हे मला गाडीत समजलं. आणि माझं प्रवासभत्त्याचं बिल, जे अडीच वर्षं तीन टेबलांवर अडकलं होतं, ते राजाराम पुलावरच्या कोंडीत पास झालं. पंचवीस मिनिटं गाडी हलली नाही, लेखाधिकाऱ्यांना पळायला जागा नव्हती. सहप्रवासाचे फायदे सांगताना तिकडचे लोक हा मुद्दा का घेत नाहीत, कळत नाही.

असं सगळं छान चाललेलं असताना एका दुपारी मॅडमना मुलाच्या शाळेतून फोन आला. मुलाला उलट्या होतायत, घेऊन जा. त्या दिवशी गाडी तत्त्वज्ञानाच्या सरांची होती. सर तोंडी परीक्षा घेत होते, फोन बंद होता आणि किल्ली त्यांच्या खिशात. मॅडम फाटकावर उभ्या राहून मोबाइलवर रिक्षा बोलवत होत्या. एक येते म्हणाली आणि आली नाही, दुसरी येते म्हणाली आणि तीही आली नाही. चाळीस मिनिटांनी त्या कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून गेल्या. मुलगा संध्याकाळपर्यंत बरा झाला. वडाप मात्र वारलं. दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतःची गाडी घेऊन आल्या, तिसऱ्या दिवशी लेखाधिकारी, आणि सोमवारी मी पुन्हा खरकट्याच्या पिंपाशेजारी होतो.

तिथे गाडी लावता लावता माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही सगळे समजत होतो की माणूस गाडी आणतो ती यायला. यायला कुणाला घाई असते? माणूस गाडी आणतो ती निघून जायला. दिवसभर खाली झाडाखाली ती उभी असते, ती कर्तव्यदक्ष नोकरासारखी. वेळ पडली तर तुम्ही आत्ता, या क्षणी जाऊ शकता, एवढंच ती सांगत असते. आपण जात नाही. वर्षाकाठी तशी वेळ दोनदा येते. पण त्या दोन वेळांसाठी उरलेले दोनशे दिवस आपण साडेबारा चौरस मीटर अडवून बसतो. लग्नात मांडवाच्या दाराजवळची खुर्ची धरणारा माणूस असतो ना, तसं. तो शेवटपर्यंत बसतो, मठ्ठाही पितो, पण खुर्ची दारापाशीच हवी.

हे मी बैठकीत मांडलं. पर्यावरणशास्त्राचे सर दुखावल्या आवाजात म्हणाले, “तिकडे याला परतीच्या प्रवासाची हमी म्हणतात. गाडी न आणणाऱ्याला अडचण आली तर विद्यापीठ टॅक्सीने घरी पोचवतं. माझ्या त्रेचाळिसाव्या स्लाइडवर होतं.” पण त्रेचाळिसाव्या स्लाइडपर्यंत आम्ही कधी पोचलोच नव्हतो. तोवर बिस्किटं संपली होती.

टॅक्सीचं हेड नव्हतंच. वाट मामांनी काढली. फाटकासमोरच्या स्टँडवरचा एक रिक्षावाला त्यांच्या गावचा, चुलत्याच्या साडूचा मुलगा. तो दिवसभर हाकेच्या अंतरावर असतो. ज्याला अडचण येईल त्याने मामांना सांगायचं, मामा कट्ट्यावरून हाक मारणार, रिक्षा मीटरने नेणार. मामांच्या डायरीत नोंद आणि महिनाअखेर पैसे. लेखाधिकाऱ्यांनी खर्च ‘चहापान व आतिथ्य’ या हेडखाली बसवला. सहामाहीत हमीची रिक्षा दोनदा निघाली. एकदा मॅडमच्या मुलाने डबा बदलून कुणाची तरी मिसळ खाल्ली म्हणून, आणि एकदा माझ्या बायकोने दार ओढून घेतलं व किल्ली आत राहिली म्हणून. बाकी सगळे दिवस ती नुसती स्टँडवर उभी होती. पण आता एकट्या तिच्या उभं राहण्यात आमच्या चार गाड्यांचं उभं राहणं भागत होतं. त्यामुळे वडाप पुन्हा सुरू झालं. एकाची दोन झाली, दोनाची पाच झाली. औंधचं निघालं, हडपसरचं निघालं.

आता रोज साडेपाचला मामा प्रशासकीय इमारतीच्या पायरीवर उभे राहतात आणि एकवीस वर्षं दाबून ठेवलेल्या आवाजात पुकारतात, “कोथरूड, कोथरूड, कर्वेनगर! एक शीट, एक शीट!” मोठमोठे विभागप्रमुख आज्ञाधारकपणे पिशव्या सांभाळत पळतात.

परवा अध्यक्षांचा ड्रायव्हर रजेवर होता. ते जिना उतरून आले, इकडेतिकडे बघितलं, टाय सैल केला आणि आमच्या गाडीपाशी येऊन हळूच म्हणाले, “मामा, मला पुढे बसायला मिळेल का?”

मामांनी मागचं दार उघडून धरलं. “मागं बसा साहेब, जरा सरकून. पुढची शीट लेखाधिकारी साहेबांची हाय. त्यांना मागं बसवलं की बिलं अडकत्यात.”